मांडी घालून व्हायेनातो

सौदीतल्या राबिघच्या रिफायनरी कॉलनीत ज्यांची भिंत आमच्या शेजारच्या वहिनींच्या भिंतीला लागून नव्हती, त्यांना शांततेची किंमत कधी कळलीच नाही. वहिनी चिपळूणच्या, यजमान माझ्याच प्लांटवर. एकदा त्या कोलंबियन फोरमनकडे जेवायला गेल्या आणि कोपऱ्यातलं अकॉर्डियन बघून जेवायचंच विसरल्या. फोरमननं गंमत म्हणून शिकवायला घेतलं आणि व्हायेनातो हे त्याच्या मुलखातलं संगीत आमच्या भिंतीतून झिरपू लागलं. "भावोजी, ही पेटी भारी लबाड," वहिनी सांगत. "बटण तेच, पण भाता ओढला की एक सूर, दाबला की दुसराच." पोळ्या लाटता लाटता त्यांची बोटं पोळपाटावर चालत. यजमानांनी आपणहून नाइट शिफ्ट मागून घेतली.

कॉलनीचा वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला आणि फोरमन ज्यात ढोलकं वाजवायचा, त्या बँडचा अकॉर्डियनवाला नोकरी बदलून रास तनुराला गेला. वहिनी म्हणाल्या, "मी वाजवते." फोरमन हसला. बाईनं गावं, नाचावं. अकॉर्डियन पुरुषाचं, आमच्याकडे असंच, म्हणाला. "आमच्याकडेही असंच," वहिनी म्हणाल्या. "भजनात पेटी कायम बुवांपुढे आणि माझ्या हातात टाळ. मला पेटी येते का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. आता टाळ खलास." फोरमननं अकॉर्डियन पुढे केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी वहिनींनी स्टेजवरची खुर्ची बाजूला सारली, चटई अंथरली, चपला काढल्या, अकॉर्डियनला नमस्कार केला आणि ते घेऊन चक्क मांडी घातली. "खुर्चीवर माझा सा हलतो," एवढंच कारण. मग अख्ख्या बँडलाच खाली बसावं लागलं. शेवटी भजनाच्या सवयीनं त्यांनी लय अशी चढवत नेली की ढोलकं वाजवणारा फोरमन घामानं निथळला. टाळ्या थांबेनात. त्यानं आपली हॅट काढून आदरानं वहिनींपुढे धरली, तर वहिनींनी तिच्यात प्रसाद म्हणून मूठभर खजूर घातले.

पुढे यजमानांचं कंत्राट संपलं आणि दोघं फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमची, चिपळूणला गेली. भिंत आता गप्प असते आणि मला ते मुळीच आवडत नाही. गुरुवारी संध्याकाळी अकॉर्डियन फोरमन स्वतःच वाजवतो, चटईवर, जमेल तशी मांडी घालून. गुडघे दुखतात, अशी तक्रार दर वेळी करतो. मी खुर्ची पुढे केली, तर मात्र बसत नाही.