मंडळीसह येत आहोत

माझी प्रार्थना तोंडपाठ होती आणि अडचण तीच होती. रविवारी उपासनेत मी उभा राहिलो की आमच्या चर्चचे लोक ऐसपैस टेकून बसत. मी शाळामास्तर, आणि मास्तरांची प्रार्थना लवकर संपायची नाही, हे त्यांना माहीत होतं. शब्द सुरेख येत, पण ते कोणी ऐकतंय असं मला त्या दिवसांत वाटत नसे. हे पाळकसाहेबांना सांगायचं धैर्य नव्हतं. बायकोला सांगायची गरज नव्हती, तिला दिसत होतं.

त्या पावसाळ्यात तापीला मोठा पूर आला आणि काठची मातीची घरं विरघळून गेली. आम्ही चिंचपाड्याकडचे. आमच्याकडे बांबू, आणि बांबूचा कूड विणून भिंती उभ्या करणारे हात. तेव्हा एका गावात जाऊन घरं बांधून द्यायची असं ठरलं. मला कुऱ्हाडही धड धरता येत नाही, म्हणून मला पुढारी केलं. माझ्याकडे दोन कामं: गावच्या पाटलांना पत्र लिहायचं आणि खिळ्यांची गोणी सांभाळायची. पत्रात मी झोकात लिहिलं, ‘आम्ही मंडळीसह येत आहोत.’ बायको म्हणाली, “मीही येते. तिकडे बायांचे हाल असतील.” लग्नाआधी सहा वर्षं ती मिशनच्या दवाखान्यात सुईणीच्या हाताखाली होती. मी म्हणालो, “छे, हे पुरुषांचं काम आहे.”

बांबूंच्या ट्रकमधून आम्ही नऊजण उतरलो, तर जमनाबाई नावाची म्हातारी पुढे आली. पहिलं घर तिचंच बांधायचं होतं. तिने आमच्यामागे वाकून ट्रकमध्ये पाहिलं.

“मास्तर, तुमनी मंडळी कोठे शे?”

“हीच की सगळी!”

“ह्या मिशावाला?” म्हातारी मटकन खाली बसली.

तेव्हा मला उमगलं. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चच्या लोकांना मंडळी म्हणतो. बाकीच्या जगात मंडळी म्हणजे बायको. पत्र गावात वाचून दाखवलं, आणि मिशनकडच्या मास्तरांची बायको येतेय म्हटल्यावर म्हातारी धरून चालली की तिला बाळंतपण येत असणारच. सून दिवस भरलेली. गावची सुईण पुरानंतर लेकीकडे निघून गेलेली. मुलगा दुसरी सुईण आणायला गेला तो नाल्याच्या पाण्यापलीकडे अडकलेला. “तीन दिवस वाट दखी ऱ्हायनी मी,” म्हातारी म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

निदान घर तरी लवकर उभं करू, म्हणून आम्ही लागलो. दोन दिवसांत कूड विणून झाले, शेणमातीने लिंपून झाले. छपराचे वासे ठोकायला घेतले आणि कोणीतरी खिळे मागितले. गोणी घरी खाटेखाली राहिली होती.

“मास्तर, खडू आहेत का? तेच ठोकतो,” आमचा सुतार म्हणाला. सगळे हसले. मी बाजूला जाऊन खिळ्यांसाठी प्रार्थना केली, चांगली लांबलचक. काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुनेला कळा सुरू झाल्या. दवाखाना त्याच नाल्याच्या पाण्यापलीकडे होता. शाळेच्या एकाच खोलीत पाच कुटुंबं होती. म्हातारीने सुनेला सरळ नव्या घरात आणलं. भिंती होत्या, वर आभाळ होतं, आणि त्यातून पाऊस लागला. मग आम्ही ट्रकची ताडपत्री आणली आणि नऊजण बाहेरून भिंतींना पाठ लावून, हात वर करून तिच्या कडा धरून उभे राहिलो. आत म्हातारी एकटी. सुनेचा आवाज मोठा होता, तो हळूहळू बारीक होत गेला. तेच वाईट होतं. मी तोंड उघडलं, पण पाठ असलेलं एकही वाक्य आठवेना. ‘बापा, मला काही येत नाही’, एवढंच आलं.

रस्त्यावर एक बैलगाडी थांबली. गोणी घेऊन बायको उतरली. कामं खोळंबली असतील म्हणून ती कालच निघाली होती. आगगाडीने नंदुरबारपर्यंत, तिथून या अनोळखी गाडीवाल्याबरोबर. तो नाव न सांगताच पुढे गेला. आमचे वर केलेले हात तिने पाहिले, आतला आवाज ऐकला, गोणी माझ्या पायावर टाकली आणि म्हणाली, “पाणी तापवा कोणीतरी.” आणि आत गेली.

बाळ आडवं होतं, हे मला नंतर कळलं. दोघी वाचल्या. मुलगी झाली. दवाखान्यापर्यंतचा रस्ता उघडा असता तरी सून तिथवर टिकली नसती, असं बायकोने नंतर सांगितलं. त्यावर ती कधी जास्त बोलली नाही.

मी गोणी विसरलो नसतो तर काय झालं असतं, हा हिशेब मी पुष्कळ वेळा मांडून पाहिला आहे. देवाने माझा विसराळूपणा वापरला असं म्हणायला जीभ धजत नाही. मी खिळे मागत होतो एवढं खरं. काय हवं आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मिळालं. तेव्हापासून माझी प्रार्थना आखूड झाली. लोक त्याबद्दलही देवाचे आभार मानतात.

त्या दुपारी बायको हात पुशीत बाहेर आली, तेव्हा मी डोळे मिटून तसाच उभा होतो.

“अहो, सोडा ती ताडपत्री आता.”

“पण पाऊस...”

“तो केव्हाच थांबलाय.”

मी डोळे उघडले. बाकीचे आठजण हात खाली सोडून, ओट्यावर बसून चहा पीत होते.