बेचाळीस सालच्या आत्याबाई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

चौथी शिकलेली बाई मी. चारचौघांत तोंड उघडत नाही. पण आकडे वाचता येतात. वाचता आले नसते तर आज हे लिहावं लागलं नसतं.

वारंगा फाट्याला डोळ्यांचं शिबिर होतं. सासूला, आमच्या आत्याबाईंना, घेऊन गेले होते, मोतीबिंदू पिकला होता. कॉम्प्युटरवाल्याने जन्मसाल विचारलं. "बेचाळीसचा जन्म माझा, बराबर सांगते," आत्याबाई म्हणाल्या. आमच्याकडं सगळे असंच सांगतात. एकोणीसशे कोण म्हणत बसतं? त्यानेही ४२ एवढंच दाबलं. पुढचे आकडे मशीनने आपल्या मनाने लावले, अन् पडद्यावर आलं २०४२.

पांढऱ्या केसांची, दात पडलेली बाई समोर उभी — आणि मशीन म्हणतं, ही अजून जन्मायचीच आहे. वैताग येणार नाही तर काय? मशीन नाव काही घेईना. लाल अक्षरं आली तेवढीच बघून तो माणूस खेकसला, "साल चुकीचं सांगून राहिल्या तुमी, आजी. घरी विचारून या." रांगेतले लोक हसले.

मी बाजूलाच होते. मला २०४२ दिसत होतं. दादा, पुढचे आकडे बघा — एवढंच तर म्हणायचं होतं. लाजले म्हणून बोलले नाही, असं मी स्वतःला सांगत आले. पण लाजच होती का ती?

नव्हती. सकाळी जीपमध्ये आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "आमच्या सूनबाईपरीस आमची शेळी जास्त बोलते." सगळी जीप हसली होती. म्हणून रांग त्यांना हसली तेव्हा मला — कसं लिहू — बरं वाटलं.

नाव न लागताच आम्ही परतलो. पुढचं शिबिर येईपर्यंत त्यांचा एक डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, उशीर केला.

त्या मशीनवर मी अजून चिडते. त्या माणसावरही. पण हे एवढ्यावर संपत नाही. त्या दिवशी परतताना आत्याबाईंनी माझा हात धरला होता, रस्ता दिसत नव्हता म्हणून. हळूच विचारलं, "काहून गं, साल चुकलं व्हय माझं?"

"व्हय, आत्याबाई," मी म्हणाले.

नंतर त्यांनी आपलं साल कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं की माझ्याकडं बोट करायच्या. "हिला विचारा. हिला वाचता येतं."