तालमीतले अब्बा

"मी गयासोद्दीन. आत्ताच दुकानातून आलोय. दाढीत कापूस हाय, चहात साखर कमी पडलीय. हां, बोल."

सबिहा बाजी खुर्चीवर एक पाय दुमडून बसली होती. ओढणी तिनं टॉवेलासारखी खांद्यावर टाकली होती आणि नसलेली दाढी खाजवत होती. समोर उभ्या अंबरीनला हसू आवरेना.

"बाजी, अब्बा अस्सेच खाजवतात!"

"बाजी कोण? मी तुझा बाप हाय. आन् बापापुढं दात काढतीस?"

अंबरीननं ओठ मिटले. घसा साफ केला. "अब्बा, फार्मसीला नंबर लागलाय. औरंगाबादला. सरकारी कॉलेज."

"नंबर राशनच्या दुकानातबी लागतो. इथं जाफराबादला काय शिकवत न्हाईत का?"

"इथं ते न्हाई, अब्बा."

"मंग जे हाय ते कर. तुझ्या फुफूच्या पोरीनं बी.ए. केलंच की. काय बिघडलं तिचं?"

अंबरीन पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागली. मग सवयीनंच तोंडातून निघालं, "तुम्ही म्हणाल त..."

बाजी खुर्चीतून उठलीच. खांद्यावरची ओढणी खाली पडली. "हे न्हाई! हे वाक्य माझ्या घरात म्हणायचं न्हाई. रड, भांडी आपट, दोन दिवस जेवू नको. पण हे न्हाई. परत ये. दारातून परत आत ये."

आतल्या खोलीतून अतिकचा आवाज आला. अतिक म्हणजे बाजीचा नवरा. बसस्टँडजवळ त्याचं शेतातल्या पाण्याच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. "सबिहा, गयासभाई एवढा कडक न्हाई बरं का. तू त्याला पार पिक्चरमधला व्हिलन करून राह्यली."

"तुम्ही तुमच्या मोटारी बघा."

"मोटार जळली तर मी पुन्हा भरून देतो. माणसाचं तसं न्हाई, म्हणून म्हणलं."

बाजीनं ते ऐकून सोडून दिलं. अतिक दिवसाकाठी अशा दहा गोष्टी बोलायचा.

सबिहा बाजी विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवायची. गावातल्या हिंदू घरांतली पोरंसुद्धा तिला ताई न म्हणता बाजीच म्हणायची. बारावीच्या पोरांचं प्रवेशाचं सगळं तीच बघायची. थंडी पडली की डोमिसाइल आणि नॉन-क्रिमिलेयरसाठी त्यांना तहसीलला पिटाळायची. उन्हाळ्यात सीईटीचे पेपर सोडवून घ्यायची. कॉलेजांच्या पसंतीची यादी भरायची वेळ आली की एकेकाला समोर बसवून विचारायची, "हे वर का टाकलं? जवळ हाय म्हणून? भीतीनं यादी भरू नको रे. वरचं मिळालं की खालचं बंद होतं, मंग मागं फिरता येत न्हाई."

पोरांचं काम एवढ्यावर संपायचं. पोरगे बॅग भरायचे आणि निघायचे. पोरींची खरी परीक्षा नंबर लागल्यावर सुरू व्हायची, ती घरात, बापासमोर. त्या परीक्षेचे क्लास जाफराबादेत एकटी बाजीच घ्यायची. ती प्रत्येक पोरीचा बाप व्हायची. त्याची बसण्याची तऱ्हा, त्याची शिवी, त्याचा खोकला पोरीकडून काढून घ्यायची, आणि मग त्या बापाला तोडीस तोड वाक्य तयार करायची. तालीम मराठीत चालायची. वाक्य पक्कं झालं की ते घरच्या बोलीत वळवून घ्यायचं काम पोरीचं.

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं, तेही गावाला माहीत होतं. बाजी तरुण असताना तिचाही फार्मसीला नंबर लागला होता, त्याच औरंगाबादला. तिचे अब्बा जेवता जेवता म्हणाले होते, "मंग, काय करायचं बेटा?" सबिहानं ताटातून नजर न उचलता सांगितलं होतं, "तुम्ही म्हणाल तसं." अब्बांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, शहाणी माझी. विषय तिथंच संपला. पुढं अब्बा वारले. ते हो म्हणाले असते की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. आणि तेच तिला सलत होतं. नाही म्हणाले असते, तर निदान त्यांच्यावर रागावता आलं असतं.

आदल्या वर्षी रामरावची अर्पिता आली होती. रामराव म्हणजे गावाबाहेरच्या मोठ्या कपाशीचा मालक, तहसीलदारालाही बोलण्यात हार न जाणारा. त्याच्यासाठी बाजीनं आठवडाभर डोकं खाजवून वाक्य काढलं होतं: "मी गेले तर तुमची मान खाली जाईल असं वाटत असेल, तर अडवा मला. पण मी राहिले तर माझी मान वर कधी होईल, तेवढं सांगा." रामराव ते ऐकून पायरीवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्यानंच जीप ठरवली आणि अर्पिताला हॉस्टेलवर सोडून आला.

एरवी बाजी एका घराचं वाक्य दुसऱ्या घरात देत नसे. त्याचा तिला अभिमानही होता. पण अंबरीनच्या वर्षी पोरी बऱ्याच होत्या आणि हे वाक्य हाताशी तयार होतं. शिवाय रामरावच्या घरातलं बोलणं गयासभाईच्या गल्लीत कशाला जातंय? तिनं ते अंबरीनला दिलं.

दोन दिवसांनी अंबरीन पळत आली. चप्पल दारात उडवली. "बाजी, अब्बा रडले!"

"काय म्हणाले?"

"काहीच न्हाई. उठून दुकानात गेले. मी मागनं गेले, तर गादी भरून राह्यल्ते. मला म्हणाले, हॉस्टेलच्या खाटा अरुंद असतात. माप विचारून घे."

गयासोद्दीनचं गाद्यांचं दुकान होतं. जाफराबादच्या अर्ध्या गावाची पाठ त्याच्या गाद्यांवर टेकायची. पोरीच्या गादीसाठी त्यानं निवडून कापूस काढला होता आणि पिंजणही स्वतःच करत होता. बाजीनं अंबरीनला जवळ ओढलं, तिचं कपाळ हुंगलं. आता फक्त कॉलेजात जाऊन हजर व्हायचं राहिलं होतं.

त्यानंतर एका दुपारी रामरावची मोटारसायकल बाजीच्या दारात थांबली. मागं गयासोद्दीन बसला होता. त्याच्या दाढीत खरोखर कापूस होता.

"या, भाऊ. पाणी आणते."

"पाणी नको," रामराव हसत आत आला. "बाजी, तुमची कंपनी लई भारी हाय. माझ्या पोरीचं वाक्य गयासभाईच्या पोरीला दिलं! मोठीचा झगा धाकटीला देतेत, तसं."

बाजीच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

गयासोद्दीन हसत नव्हता. तो अजून उभाच होता. "हा अर्पिताची गादी पुन्हा पिंजायला घेऊन आल्ता. मी याला कौतुकानं सांगून राह्यल्तो. म्हणलं, रामराव, माझी पोरगी असं बोलली की काळीज हाललं. मी वाक्य अर्धं सांगितलं, बाजी. उरलेलं यानं म्हणलं."

बाजीनं तांब्या खाली ठेवला.

"शब्द माझे होते, गयासभाई. इच्छा तिचीच हाय."

"ते मला कसं कळावं?"

"तिला विचारा."

"विचारलं. रडली. मी म्हणलं, हे रडणंबी बाजीनंच शिकवलं का? तर रडायची थांबली. थांबली तेव्हा मला वाटलं, बराबर, शिकवलेलंच होतं."

"माझं ऐका की," रामराव मध्येच म्हणाला. त्याचं हसू अजून तोंडावर होतं, पण वाळत चाललं होतं. "काल अर्पीचा फोन आल्ता. म्हणे, बाबा, तुमची आठवण येते. माझ्या तोंडून निघून गेलं, खरंच येते का कुणी लिहून दिलं? फोन ठेवला तिनं. आज सकाळधरून लावून राह्यलो, उचलत न्हाई." एवढं बोलून त्याचं हसू गेलं आणि तो दाराबाहेर बघत बसला.

"चूक माझी हाय," बाजी म्हणाली. "मला बोला, चारचौघांत बोला. पण परवा शेवटचा दिवस हाय, गयासभाई. परवा ती तिथं पोचली न्हाई, तर जागा दुसऱ्याला जाईल. तिची काय चूक?"

गयासोद्दीननं तिच्याकडं नीट पाहिलं. "हे आत्ता बोलल्या, ते मनातलं का पाठ केलेलं?"

बाजीनं तोंड उघडलं. जे जे सुचलं ते सगळं कुठं ना कुठं म्हणून झालेलं होतं.

"तालमीत मी कसा असतो, बाजी? करून दाखवा की. अंबरीन म्हणे, मी दाढी खाजवतो."

"गयासभाई, असं नका..."

"न्हाई, दाखवा. मी काय म्हणतो तिथं? न्हाई म्हणतो ना? पोरगी शिकायची म्हणते आन् मी न्हाई म्हणतो. तुम्हाला कुणी सांगितलं मी न्हाई म्हणणार म्हणून?" त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "पोरीनं साधं येऊन इचारलं असतं, अब्बा, जाऊ का? तर मी काय म्हणलो असतो? आता मलाबी माहीत न्हाई. ते तुम्ही घेऊन टाकलं माझ्यापासून."

शेवटच्या दिवशी सकाळी बाजी गयासोद्दीनच्या घरी गेली. अतिकनं नको म्हटलं होतं. "तू गेलीस की त्याला पुन्हा नाटकच दिसेल." पण भोकरदनवरून औरंगाबादला जाणारी सकाळची एसटी सुटायला अजून वेळ होता, आणि बाजीला घरात बसवेना.

दार अंबरीनच्या आईनं, शकीलानं उघडलं. ती बाजूला झाली. अंबरीन कपडे करून, वेणी घालून उभी होती. सगळे मूळ दाखले असलेली प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरली होती. पायाशी बॅग होती. गयासोद्दीन खाली बसून त्याच गादीला टाके घालत होता. फरशीवर कापसाचे पुंजके उडत होते.

"आल्या ते बरं झालं," तो म्हणाला. "तुमच्यापुढंच होऊ द्या. फक्त डोळे खाली ठेवा, बाजी. इशारा न्हाई करायचा."

"न्हाई करत."

"खाली ठेवा."

बाजीनं नजर फरशीवर लावली.

गयासोद्दीननं सुई गादीत खुपसून ठेवली. "अंबरीन. इकडं बघ, बेटा. मी रागावलेलो न्हाई. तुझ्या मनानं सांग. शिकवलेलं एकबी अक्षर नको मला. काय करायचं?"

किती साधा प्रश्न होता. बाजीच्या कानाला तो ओळखीचा होता, तिच्या अब्बांचा, ताटापुढचा.

बाजीला खाली बघूनही सगळं दिसत होतं. पोरगी आता शब्द शोधत असणार. 'मला शिकायचंय' हे तालमीतलं. 'माझ्यावर भरवसा ठेवा' हेही तालमीतलं. नुसतं 'हो' म्हणावं, तर तेसुद्धा बाजीनं शिकवलेलं: मान हलवायची न्हाई, आवाज लावायचा, बापाच्या डोळ्यात बघायचं. गप्प राहावं, तर गप्प कधी आणि किती राहायचं, तेही. पोरीच्या तोंडात बाजीनं तिचं स्वतःचं असं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

फाइलचं प्लॅस्टिक कुरकुरलं. अंबरीन आपल्याकडं बघते आहे, हे बाजीला कळलं. तिनं मूठ आवळली. कापसाचा एक पुंजका तिच्या पायाला येऊन चिकटला. तिनं नजर उचलली नाही.

"तुम्ही म्हणाल तसं, अब्बा."

गयासोद्दीननं मोठा श्वास सोडला. किती दिवसांनी त्याला पोरगी परत मिळाली होती. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"बघा, बाजी. हे माझ्या पोरीचं. हे कुणी शिकवलेलं न्हाई."

बाजीनं आता वर पाहिलं. अंबरीनचे डोळे कोरडे होते. बाजीला ओरडून सांगायचं होतं, ते वाक्य कुणाचं आहे ते मला विचारा. पण तिचं काय ऐकणार होतं कुणी? शकीलानं बॅग उचलली आणि आत नेली. जरा वेळानं मोठ्या रस्त्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला आणि गेला.

जागा पुढच्या फेरीत कुणाला तरी मिळाली असेल. अंबरीन गावातल्या कॉलेजात बी.ए.ला बसली.

बाजी अजून फॉर्म भरते, दाखले तपासते, यादी नीट लावून देते. तालीम मात्र बंद आहे. एखादी पोरगी दारात थांबून विचारते, "बाजी, घरी काय बोलू?" तेव्हा ती म्हणते, "तुला वाटंल ते बोल," आणि आत निघून जाते. त्याचाही उपयोग नाही. आता जाफराबादेत कुठल्याही पोरीनं बापापुढं एक वाक्य सरळ बोललं, की बाप आधी विचारतो, "बाजीकडं गेल्ती का?"

अंबरीनच्या निकाहाला बाजीला बोलावणं होतं. ती गेली. सामान टेम्पोत चढत होतं. गयासोद्दीन स्वतः गादीला दोरी बांधत होता. बाजीला बघून त्यानं सलाम केला. मनात काही ठेवलं नव्हतं त्यानं.

"तीच हाय, बाजी," गादीवर थाप मारून तो म्हणाला. "कापूस चांगला होता, म्हणलं वाया कशाला घालवा. हॉस्टेलच्या मापाची होती. दोन्हीकडून वाढवली."