फोटोत दिसलेली हुमणी

"मॅडम, लॉनला चाई लागल्यासारखं दिसायला लागलंय. फोटो टाकलाय, बघून घ्या ना जरा."

टाऊनशिपवरून प्रवीणचा फोन आला तेव्हा मी खारघरला दुसऱ्या साइटवर होते. एका हातात चहाचा कप, समोर पाइपलाइनवरून भांडणारा प्लंबर. फोटो उघडला. हिरव्या गवतात पिवळट, वाळके डाग. काही नाण्याएवढे, काही एकमेकांत मिसळून ताटलीएवढे झालेले. बोटांनी फोटो मोठा केला, दोन सेकंद बघितला आणि म्हटलं, "हुमणी आहे. औषध मारून घ्या."

दोन सेकंद! बावीस वर्षं मी लॉनची कामं करतेय. "म्हणजे माळीकामच ना?" असं लोक विचारतात. हो, माळीकामच, फक्त पायात बूट असतात आणि हातात लॅपटॉप. पण माझ्या हाताखालच्या कुठल्याही माळ्यानं दोन सेकंदांत असं निदान केलं असतं, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

हुमणी म्हणजे जमिनीखाली राहणारी पांढरी, वाकडी अळी. ती गवताची मुळं खाते. ओळखायची खूण सोपी आहे. पिवळं पडलेलं गवत मुठीत धरून ओढायचं. मुळं खाल्लेली असतील तर गवत सतरंजी गुंडाळावी तसं अलगद हातात येतं. नाही आलं, तर हुमणी नाही. ही खूण मीच सगळ्यांना शिकवली होती.

पलीकडे प्रवीणच्या हातातून कोणीतरी फोन घेतला.

"मॅडम, हिरा बोलतेय. मी ओढून बगितला. पाच ठिकानी बगितला. नाय निंगत. मुला घट्ट हायत."

"हिराबाई, फोटोत दिसतंय मला."

"तुमीच शिकवलात ना, ओढून बगायचा म्हनून? आनि मॅडम, ही कीड नाय. दव झाडायचा बंद केला, तवापासून झालाय ह्या."

"बरं, बरं. आधी औषध मारा, मग बघू."

प्लंबर समोर ताटकळत होता, म्हणून मी फोन ठेवला. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण असतं, तर आज सांगायला तरी बरं वाटलं असतं.

आता हिराबाईंबद्दल सांगायला हवं. पनवेल-उरण रस्त्याला लागून असलेली ही टाऊनशिप. क्लबहाऊससमोर दीड एकराचं लॉन. हिराबाई उरणकडच्या कोळ्यांच्या. घरची छोटी होडी होती. खाडीत मासळी मिळेनाशी झाली तशी होडी काठावर गेली आणि हिराबाई आमच्याकडे बागकामाला आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, आवाज होडीवरून काठावर पोचेल असा.

माझी कामाची पद्धत अशी की औषध सगळ्यांत शेवटी. आधी रोज लॉन फिरून बघायचं. गवत फार बारीक कापायचं नाही. पाणी सकाळी द्यायचं, संध्याकाळी नाही, म्हणजे रात्रभर पातं ओलं राहत नाही. किडे खायला साळुंक्या आणि बगळे येतात त्यांना हाकलायचं नाही. एवढं करूनही डाग वाढले, तरच औषधाचा डबा उघडायचा. पुस्तकात याला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात. हिराबाई म्हणायच्या, "म्हंजी आदी बगायचा, मंग कराचा. आमी बाजारात तसाच करतो."

त्यांना लिहिता येत नव्हतं. मी दिलेलं रजिस्टर त्यांनी पहिल्याच दिवशी परत केलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवीभर शिंपल्या आणल्या. रोज सकाळी लॉनचे चार पट्टे पाडून फिरायच्या. जिथं गवताला काही झालेलं दिसेल तिथं एक शिंपली ठेवायच्या. मी आले की शिंपल्या मोजायच्या, बस्स. कुठल्याही रजिस्टरपेक्षा ते बरं होतं, कारण खोट्या नोंदी करायची सोयच नव्हती.

आणि दव झाडायचं हेही त्यांचंच. थंडीत आमच्याकडे पहाटे भरपूर दव पडतं. ते पात्यावर उन्हं वर येईपर्यंत तसंच राहिलं की बुरशी धरते आणि नाण्याएवढे वाळके डाग पडतात. उपाय म्हणजे उजाडताच दव खाली पाडायचं. परदेशात लांब लवचीक काठ्या वापरतात. हिराबाईंनी घरून होडीचा जुना दोर आणला. दोन टोकांना दोन बाया, आणि दोर गवतावरून ओढत सरळ चालत जायचं. दहा मिनिटांत लॉन कोरडं. त्या थंडीत तोवर एकही डाग पडला नव्हता.

म्हणूनच मी त्यांना शब्द दिला होता. टाऊनशिपमध्ये बागेचा मुकादम नेमायचा होता. आजवर मुकादम पुरुषच असायचा. मी आमच्या जीएमना, देशमुख साहेबांना, सांगितलं की यंदा हिराबाईंना करा. साहेब जवळजवळ तयार झाले होते. हिराबाईंनी एकदा मला हळूच विचारलं, "मुकादमाला शिटी मिलते ना, मॅडम?" मी हसले आणि म्हटलं, "शिट्टी मिळते, पण तुम्हाला कशाला हवी? तुमचा आवाज आहे की!" त्या हसल्या नाहीत. त्यांना ती शिट्टी खरंच हवी होती.

मग कोणीतरी सकाळी बाल्कनीतून दोर ओढणाऱ्या बायांचा फोटो काढून रहिवाशांच्या ग्रुपवर टाकला. कोणाला ते गावठी वाटलं, कोणाला धोकादायक. साहेबांनी मला बोलावलं.

"मॅडम, सायंटिफिक काही नाहीये का आपल्याकडे? लोक विचारतात, हे काय दोरीने चाललंय."

"सर, हे सायंटिफिकच आहे."

"असेल हो. पण दिसायला नको? सव्वीस जानेवारीला झेंडावंदन इथेच आहे. तोवर बंद ठेवा."

मी बंद ठेवलं. हुज्जत घातली असती तर साहेब ऐकणारे होते. पण म्हटलं, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.

डाग पडले ते त्यानंतर. आणि हुमणीचा जोर पावसाळ्यात असतो. आमचा हा सगळा प्रकार जानेवारीतला. हेही मला फोनवर सुचलं नाही. डोक्यात नुसता प्लंबर.

औषध मारलं. ते किड्यांचं औषध, बुरशीला त्याचं काय! डाग पसरत गेले. त्यात पंपाचं प्रेशर बिघडून कडेचं गवत औषधानं करपलं. चार दिवसांनी मी स्वतः गेले, गुडघ्यावर बसले आणि गवत ओढून बघितलं. निघालं नाही. मुळं घट्ट होती. हिराबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. लॉनवर इतक्या शिंपल्या होत्या की मी मोजल्याच नाहीत. साळुंकी मात्र एकही नव्हती.

सव्वीस जानेवारीला लॉनवर हिरवं प्लॅस्टिकचं कार्पेट अंथरून झेंडावंदन झालं. दुसऱ्या दिवशी मीटिंग. साहेब, प्रवीण आणि मी.

"चुकीचं औषध कोणी मारलं?" साहेबांनी विचारलं.

प्रवीण सुपरवायझर. नोकरी नवी, घाबरलेला. माझ्याकडे बघत म्हणाला, "पंप हिराबाईंच्या हातात होता, सर."

ते खरंच होतं. पंप त्यांच्याच हातात होता. औषध मात्र माझ्या तोंडून निघालं होतं.

"म्हणजे मुकादमकीच्या आधीच ही तऱ्हा," साहेब म्हणाले. "मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

दोन महिन्यांपूर्वीच मी त्याच खोलीत 'औषध शेवटी' या विषयावर तासभर भाषण दिलं होतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच टेबलाशी बसून 'मी फोटो बघून औषध सांगितलं' हे म्हणायला माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "बघते सर. माहिती घेते."

माहिती कसली घेणार, कपाळ! सगळी माहिती माझ्याकडेच होती.

मुकादम दुसराच झाला. हिराबाईंची बदली कचरा वेगळा करण्याच्या शेडवर झाली. आठवडाभर त्या आल्या, मग यायच्या थांबल्या. जाताना दोर घेऊन गेल्या. शिंपल्यांची पिशवी तिथंच राहिली.

मी साहेबांना खरं सांगितलं, पण तोवर मार्च उजाडला होता. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, तेव्हा बोलायचं होतंत. आता ते क्लोज झालं." आणि त्यांनी पुढची फाइल उघडली.

मग एका रविवारी मी उरणच्या बाजारात गेले. हिराबाई मासळीची पाटी घेऊन बसल्या होत्या. मला बघून सरकल्या, बसायला पाट दिला.

"हिराबाई, चूक माझी होती. मीटिंगमध्ये मी गप्प बसले."

"म्हाईत हाय मना," त्या म्हणाल्या. "परवीननं सांगितला. रडत व्हता तो फोनवर."

"साहेबांना सांगितलंय मी सगळं. परत या. मी पुन्हा बोलते त्यांच्याशी."

"नको मॅडम. कामाचा काय वाईट नाय वाटला. तुमी बोललाव नाय, त्याचा वाटला."

मी उगाच पाटीतला एक पापलेट उचलला आणि म्हटलं, "हा द्या." त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, कल्ले उघडून मला लाल भाग दाखवला आणि मासा परत माझ्या हातात ठेवला.

"दाबून बगा. असाच नका घेऊ."

मी दाबून बघितला. ताजा होता. तोपर्यंत त्यांचं दुसरं गिऱ्हाईक आलं होतं.

लॉन पुढच्या पावसाळ्यात भरलं. लॉन भरतं, त्याचं एक बरं असतं. आता मी फोटोवरून औषध सांगत नाही; कोणी पाठवला तर विचारते, ओढून बघितलंत का? आमच्या धंद्यात चुकीचं औषध पडलं तर गवताला एक हंगाम लागतो. खरं बोलायचं मात्र त्याच मीटिंगमध्ये बोलावं लागतं. मी ते मार्चमध्ये बोलले, आणि हिराबाईंना शिट्टी मिळाली नाही.