ओगल्यांचं कानाशी बोलणं

चारुदत्त ओगल्यांना दुरून बोलणं कधी जमलंच नाही. पूल बांधणारे इंजिनियर. एकाहत्तर साली कॅनडात आले, टोरांटोच्या नॉर्थ यॉर्कला घर केलं, यथावकाश निवृत्त झाले. पण समोरच्याच्या खांद्यावर हात टाकून कानाशी तोंड नेल्याशिवाय त्यांच्याने ‘आज बर्फ पडणार’ एवढंही सांगवत नसे. पत्नीला, सुनंदाताईंना, ऐकू कमी यायला लागलं तेव्हा तर ही सवय सोयीचीच ठरली. चारुदत्तांनी मागे लागून घ्यायला लावलेलं कानाचं मशीन कपाटात पडून राहिलं. संध्याकाळी चहा घेऊन दोघं सोफ्यावर बसत आणि चारुदत्त दिवसभराचं सगळं त्यांच्या कानात ओतत.

२०१६च्या हिवाळ्यात सुनंदाताई अचानक मशीन लावायला लागल्या आणि सोफा सोडून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागल्या. चारुदत्त खूश. इतकी वर्षं मागे लागल्याचं चीज झालं, असं त्यांनी महाराष्ट्र मंडळात एकेकाला गाठून सांगितलं. ऐकणारे पाऊलभर मागे सरकून माना डोलवत होते, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. हुशार माणसांना असल्या गोष्टी दिसत नाहीत.

ख्रिसमसला मुलगी रश्मी हॅलिफॅक्सहून आली. तिने घरातला प्रकार पाहिला आणि ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसायच्या निमित्ताने वडिलांना बाहेर काढलं.

“बाबा, राग मानू नका, पण समबडी हॅज टू टेल यू. तुमच्या तोंडाला वास येतो. आई मशीन त्यासाठीच लावते, म्हणजे तुम्हाला जवळ यायला नको.”

चारुदत्त फावडं टेकून उभे राहिले. लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की सुनंदा आपल्याला टाळत होती आणि आपण पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. तिला विचारायचं धाडस होईना. आधी वास घालवायचा, ती पुन्हा शेजारी येऊन बसली पाहिजे, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

आता मराठी माणसाच्या शरीरात कुठेही काही बिघडलं की आरोपी एकच, पोट. चारुदत्तांनी त्रिफळा चूर्ण सुरू केलं, वर एरंडेल घेतलं. लसणाची चटणी सोडली, खिशात लवंगा बाळगल्या. परिणाम एवढाच की संक्रांतीच्या कार्यक्रमात स्वागताचं भाषण अर्धवट टाकून त्यांना वॉशरूम गाठावी लागली. वास होता तिथेच होता, फक्त त्याला आता लवंगेचा स्वाद आला.

शेवटी रश्मीने फोनवरून पिच्छा पुरवून त्यांना दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. निवृत्तीनंतर ते तिकडे फिरकलेच नव्हते. दात दुखत नाहीत, मग उगाच कशाला? शिवांगी ही तरुण डॉक्टर मूळची नाशिकची. तिने त्यांची पोटाची सगळी कहाणी ऐकून घेतली आणि मग तोंडात दिवा मारून पाहिलं.

“काका, पोटाला सोडा. इट्स ऑल इन द माउथ. हिरड्या सुजल्यात, दातांच्या फटींत सगळं साचलंय, आणि जिभेवर हा थर. जीभ घासत नाही का?”

घासत होते की, भारतात. पण टोरांटोतल्या पहिल्या बेसमेंटमध्ये त्यांचं सकाळचं ते ‘ओऽऽक्’ ऐकून वरच्या घरमालकीणबाईंनी अँब्युलन्स बोलावली होती. तेव्हापासून जीभ घासणं बंद. शिवांगी पोट धरून हसली. मग तिने सांगितलं की घशात हात घालायची गरज नाही, हलक्या हाताने, आवाज न करताही जीभ साफ होते. तिने हिरड्यांची सफाई केली, रोज झोपण्याआधी दोऱ्याने फटी कशा साफ करायच्या ते शिकवलं, घरातल्या हीटिंगने तोंड कोरडं पडतं म्हणून पाणी पीत राहायला सांगितलं. पुलाला गंज सांध्यांतच धरतो, हे जन्मभर पाहिलेल्या माणसाला ते लगेच पटलं.

बर्फ वितळायच्या सुमाराला वास गेल्याचं शिवांगीने स्वतः सांगितलं. तरी चारुदत्तांचा धीर होईना. सोफ्याच्या टोकाला बसायचं, तोंडावर हात धरून दोन वाक्यं बोलायची आणि गप्प व्हायचं. एका संध्याकाळी सुनंदाताई खिडकीजवळून उठल्या आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

“रश्मी बोलली ना तुम्हाला?”

त्यांनी मान हलवली. तू का नाही सांगितलंस, असं हाताआडूनच विचारलं.

“भीती वाटली. मी सांगितलं असतं तर तुम्ही बोलणंच टाकलं असतं, आता टाकलंय तसं. अहो, वासावर माझ्याकडे मशीन तरी होतं. तुमच्या गप्प बसण्यावर मी काय लावू?”

चारुदत्तांनी तोंडावरचा हात काढला, घसा खाकरला आणि हिवाळाभर मनात साठलेलं एकेक सुनंदाताईंना सांगायला घेतलं. चहा निवून गेला.