चौकटीतले आकडे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या धाकट्या मामांचे. ते लासलगावला ट्रकवर नंबर आणि नावं रंगवायचे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजचा फॉर्म आणायला तेच मला एसटीने नाशिकला घेऊन आले होते.

पदवीनंतर मी एका सायबर कॅफेत कॉम्प्युटर सांभाळायला लागलो. तिथे दिवसभर गाड्यांच्या शर्यतीचा गेम चाले. पोरं बापाच्या गाडीची किल्ली बोटात फिरवत येत आणि कसारा घाटात कोणाकोणाला मागे टाकलं याच्या थापा मारत. पडद्यावरची गाडीसुद्धा त्यांना धड वळवता येत नसे. मालक त्यांच्याही वरचढ. त्याने स्पर्धा ठेवली आणि मला म्हणाला, "स्पीडचे आकडे फार शाळकरी वाटतात. पेटल्यासारखे दिसले पाहिजेत."

गेमच्या फोल्डरमध्ये सगळ्या आकड्यांचं एक चित्र होतं. ते बदललं की पडद्यावरचे आकडे बदलत. मी ज्वाळांचे आकडे बसवले. त्यात एकचा आकडा काडीसारखा, आठचा फुगलेला. गाडी सुटली की रुंदी सारखी बदलून स्पीडचा आकडा जागेवर नाचायला लागे.

"एकशे अठरा आहे का एकशे ऐंशी?" एकाने विचारलं.

"तुला काय करायचंय? कडक दिसतंय ना!" दुसरा म्हणाला.

अशा लोकांसाठी मी राबत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅफे रिकामा होता. मला मामांची पद्धत आठवली. ट्रकवर ते आधी खडू लावलेल्या दोरीने सारख्या चौकटी पाडत, मग आकडा काढत. "देखणा नसला तरी चालंल, पळत्या ट्रकवर वाचता आला पायजे," म्हणत. मी तेच केलं. दहाही आकडे सारख्या रुंदीच्या चौकटीत, सारख्या जाडीने काढले. स्पीड एका जागी स्थिर दिसू लागला.

संध्याकाळी पोरं खूश झाली. "भारीच! कुठे शिकलास रे हे?"

मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाला, "पुण्याला कोर्स केलाय त्याने."

मी मान डोलावली. ज्यांच्या थापांचा मला तिटकारा होता, त्यांच्याच पंगतीत मी जाऊन बसलो. त्यांच्या थापेने निदान कोणा माणसाचं श्रेय तरी बुडत नव्हतं.

दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी हे पत्र टाकलं:

"ती. मामांना साष्टांग नमस्कार.

इथे गाड्यांच्या खेळातले आकडे मी तुमच्या पद्धतीने काढले. सगळ्यांना आवडले. कुठे शिकलास, असं विचारल्यावर मी तुमचं नाव घेतलं नाही, पुण्याला कोर्स केल्याच्या मालकाच्या थापेला मान डोलावली. ट्रकवरच्या कामाचं नाव सांगायची लाज वाटली, म्हणून. आज सकाळी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. मालक हसला, पोरंही हसली. हसू देत. त्यांना अजून वळण घेता येत नाही.

पाचाचं पोट मात्र मला चौकटीत नीट बसवता येत नाही. रविवारी येतो. दाखवाल का?"