भात विचारून लावलेल्या पत्रावळी

आमच्या घरातली नाचणी माघातच संपायची. वेल्ह्याच्या डोंगरउतारावर आमची जमीन, म्हणजे खडकावर पसरलेली बोटभर माती. फाल्गुन लागला की आई रानातले कंद उकडायची आणि वडील दुसऱ्यांच्या बांधांना दगड रचायला जायचे. वाडीत सहा घरं आणि सहाही अशीच. पाऊसकाळ येईतो तग धरायला हातात एकच काम होतं, पत्रावळी लावायचं. पळसाची पानं खुडायची, माळा ओवून वाळवायची, माळ्यावर ठेवायची. लग्नसराई आली की पाणी शिंपडून ती नरम करायची आणि बांबूच्या बारीक चोयांनी टाचायची. भोरातला एक दुकानदार त्या घेई. त्या एका दुकानावर सहा चुली पेटत.

मी तेव्हा भोरच्या हायस्कुलात शिकत होतो. वाडीतून शिकायला बाहेर पडलेला मी पहिलाच. शनिवारी शाळा सुटली की खिंडीतून चार तास चालत घरी जायचो, त्यामुळे दुकानाचा निरोप माझ्याच तोंडी असायचा. किती पत्रावळी, कोणत्या मुहूर्ताला, एवढंच सांगायचं. काम सोपं वाटायचं. ते सोपं नव्हतं हे कळायला दोन लग्नसराया गेल्या.

पहिल्या सराईत इतक्या पत्रावळी उरल्या की दुकानदारानं त्यांची थप्पी मागच्या पडवीत लावली. वळवाचा पाऊस आत शिरला, बुरशी चढली आणि सगळ्या चुलीत गेल्या. वाडीतल्या बायकांची बोटं चोयांनी सोलून निघाली होती, ती फुकटच. त्याचा धसका घेऊन दुकानदारानं दुसऱ्या वर्षी निम्म्याच सांगितल्या. नेमका त्या वर्षी शुक्राचा अस्त आला, मुहूर्त थोडे राहिले आणि सगळी लग्नं त्याच चार दिवसांत दाटली. एका मांडवात तर तिसरी पंगत पाट मांडून बसली आणि पुढ्यात पानच नाही. पाहुणे तसेच उठून उभे राहिले. दुकानदाराला गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही.

पुढच्या वर्षी चैत्र सरताना त्यानं मला दुकानात बोलावून बसवलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला की वैशाखातल्या मोठ्या लग्नाला उरल्या किंवा कमी पडल्या, तर वरंध घाटाखालून माल आणायचं त्यानं ठरवलंय, तिकडचे लोक पानं घेऊन कधीचे मागे लागलेत. मग त्या लग्नाचा आकडा सांगितला, साडेआठशे.

घरी पोहोचलो तेव्हा आई अंगणात माळा सोडवत बसली होती, शेजारी धाकटी चुलती. मी घाटाखालची गोष्ट सांगितली. दोघींचे हात थांबले. मग मी आकडा सांगितला, नऊशे.

"नऊशे कोन म्हनलं?" आईनं विचारलं.

"दुकानदार."

"आन् त्याला कोन म्हनलं?"

ते मी कधी विचारलंच नव्हतं. मुलीच्या बापानं आचाऱ्याला सांगितलं असेल, आचाऱ्यानं दुकानदाराला. मला राहवेना.

"आये, पन्नास म्या घातल्यात. कमी पडाय नगंत म्हनून."

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण ती हसली. "मंग बरं झालं बोललास. म्या बी वर शंबर लावनार व्हते."

चुलतीही खाली मान घालून हसू लागली. तीही दरवर्षी चार कोड्या, म्हणजे ऐंशी, जास्तीच्या लावायची, शेजारची म्हातारी अंगचोरपणा करते म्हणून. म्हातारीचंही चुलतीबद्दल तेच मत असावं. पान कमी पडलं की नाक कापलं जातं या भीतीनं बापानं वाढवलं, आचाऱ्यानं वाढवलं, दुकानदारानं वाढवलं, मी वाढवलं आणि सहाही घरांनी वाढवलं. पळसाच्या पानाला कुणाचं काय जात होतं?

आई म्हणाली, "पानं कुनीबी वाढवून सांगतंय. तांदूळ कोन वाढवतंय का?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर भोरला आली. दुकानात गेलीच नाही, थेट लग्नघरी आचाऱ्याकडं गेली. तो चुलाणं खणून घेत होता. आईनं पदर सारखा करून विचारलं, भात किती पायल्यांचा घालनार?

"का गं मावशे, उपाशी राह्यची भीती वाटती का?" तो म्हणाला. बाकीचे हसले. पण आकडा त्यानं चटकन सांगितला, बावीस पायल्या. त्यात वाढवावाढव नव्हती, कारण तांदूळ यजमानाच्या कणगीतून मापून निघणार होता. एका पायलीला पंचवीस पानं उठतात असंही तोच म्हणाला. मी तिथंच गुणाकार केला, साडेपाचशे.

वाडीत आईनं सहा घरांना साडेपाचशे वाटून दिल्या आणि वर एकही लावायची नाही अशी ताकीद दिली. आणखी शंभराची पानं नुसती भिजवून ओल्या फडक्यात बांधली, चोयांची जुडी वेगळी. ती टाचायची नाहीत, तशीच न्यायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुकानदारानं गठ्ठे मोजले आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं साडेआठशे सांगितल्या होत्या.

"शेट, भात साडेपाचशांचा शिजतुया," आई म्हणाली. "बाकीचे तीनशे काय नुसती पत्रावळ चावून उठनार हायत?"

त्याला हसू आलं, पण त्यानं घामही पुसला. तिची अट एवढीच होती, की चुलतीला मांडवामागं गोठ्याच्या सावलीत बसू द्यायचं.

लग्न लागलं. तीन पंगती नीट उठल्या. चौथीच्या वेळी नवऱ्याकडची आणखी दोन बैलगाड्या माणसं नसरापुराहून आली. आचाऱ्यानं घाईनं भाताचं नवं आधण चढवलं आणि दुकानदार माझ्याकडं बघू लागला. मी गोठ्याकडं पळालो. चुलतीनं आधीच फडकं सोडलं होतं. भात शिजेपर्यंत तिनं अडतीस पत्रावळी टाचल्या, मी त्या नेऊन मांडल्या आणि पंगत बसली. पाट रिकामा राहिला नाही. न लागलेली पानं आईनं पुन्हा फडक्यात बांधून घरी आणली, दोन दिवसांनी ती दुसऱ्या लग्नात लागली.

संध्याकाळी दुकानदार आईला म्हणाला, "पुढच्या मुहूर्ताचा आकडा मी सांगत नाही. तूच भात विचारून ये."

पुढं पुण्याला कॉलेजात मागणी आणि पुरवठ्याचे धडे झाले. अवघड विषय म्हणून पोरं वैतागत, मला मात्र तो कधी अवघड गेला नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

भोरच्या पत्रावळींचं काम आमच्याच वाडीकडं राहिलं. घाटाखालून एकही गठ्ठा आला नाही. सहाही घरांचे उन्हाळे त्या कामावर निभावले, आणि त्यांतल्याच एका घरातून मी बी.ए. झालो.